चादरीखालची गादी

मी एक जुनी गादी आहे. कापसाची, एका माणसापुरती, दिवाणावर घालायची. मित्रांनो, शाळेत तुम्ही छत्रीचं आत्मवृत्त लिहिता, फळ्याचं लिहिता, फुटक्या पाटीचंही लिहिता. गादीचं लिहिलेलं मी अजून कुठे ऐकलं नाही. जिच्यावर लोळून आयुष्याचा एवढा मोठा भाग काढायचा, तिची साधी आठवणही ठेवायची नाही, ही माणसांची तऱ्हा मला नवीन नाही. म्हणून माझं मीच सांगते. बोलता बोलता माझा आवाज चढला तर चालवून घ्या, कारण मी चिडलेली आहे आणि मला चिडायला कारण आहे.

माझा जन्म डोंबिवली पश्चिमेला, बाजारामागच्या एका अरुंद गल्लीत झाला. पोपटराव नावाच्या गृहस्थांनी डोंबिवलीलगतच्या कोपरला नवीन घर घेतलं होतं आणि नव्या घरात नवी गादी हवी म्हणून ते स्वतः गादीवाल्यासमोर येऊन उभे राहिले. गादीवाल्याने कापूस असा पिंजला की तो गल्लीभर उडायला लागला आणि समोरचा वडेवाला हातवारे करून भांडायला आला. मग निळ्या पट्ट्यांच्या जाड खोळीत मला भरलं, काठीने थोपटून सारखं केलं आणि दाभणाने टाके घातले. पोपटराव माझ्यावर बसले, भर दुकानात आडवे झाले आणि म्हणाले, "कंबरेपाशी अजून दोन मुठी घाला." गादीवाला हसला, पण त्याने कापूस घातला.

कोपरच्या त्या घरातली पहिली वर्षं माझी राजेशाही होती. पोपटरावांच्या पत्नी कलावतीबाई मोठ्या शिस्तीच्या. सकाळी माणूस उठला की अंथरूण उठलंच पाहिजे. त्या खिडकीतून चादर झटकायच्या, खालच्या मजल्यावरच्या शीलाबाई वर बघून बोलायच्या, आणि तोवर माझी वळकटी भिंतीला उभी राहिलेली असायची. रविवारी पोपटराव माझं एक टोक धरायचे, कलावतीबाई दुसरं, आणि मला गच्चीवर न्यायचे. तिथे कठड्यावर टाकून वेताच्या काठीने धोपटायचे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आठवडाभराची धूळ निघून जायची आणि ऊन थेट पोटात शिरायचं. संध्याकाळी मी खाली आले की मितेश आणि जागृती, त्यांची दोन मुलं, माझ्यावर आधी कोण लोळणार म्हणून एकमेकांचे केस ओढायची. काही वर्षांनी एकदा टाके उसवून, खोळ धुवून, कापूस पुन्हा पिंजून मला नवी करायचे. आलेल्या बायका हाताने दाबून बघायच्या आणि विचारायच्या, कुठून केलीत हो.

मग घरात दिवाण आला. खाली पेटी असलेला, हॉलमधल्या बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटून ठेवलेला. मला वाटलं, चला, बढती मिळाली. कसली बढती घेऊन बसलात? दिवाणावरची गादी कोणी गुंडाळत नाही. चादर ओढून सारखी केली की झालं अंथरूण आवरून. त्या भिंतीला पावसाळ्यात ओल यायची. कोपर खाडीच्या जवळ, तिथली हवा मुळातच दमट. ती ओल मला कुशीत घेऊन झोपावं लागायचं आणि सकाळी सुटका नसायची.

तरी पोपटराव होते तोवर रविवार चुकला नाही. ते गेले आणि माझं दुसरं टोक धरायला कोणी उरलं नाही. कलावतीबाईंची कंबर धरायला लागली. डॉक्टरांनी त्यांना कडक गादीवर झोपायला सांगितलं, म्हणून त्यांच्यासाठी घडीची कॉट आणि फोमची गादी आली. मला टाकून द्यायचा विषय निघाला तेव्हा त्या ठाम म्हणाल्या, "ह्यांनी उभं राहून करून घेतलेली गादी आहे. ती ह्या घरातून जायची नाही." मला भरून आलं. पण मित्रांनो, घरात ठेवणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं, हे मला पुढे कळलं. त्याच सुमारास गच्चीतून पाणी गळायला लागलं म्हणून सोसायटीने गच्चीला कुलूप घातलं आणि किल्ली सेक्रेटरींच्या घरी गेली. एका गादीपायी दुसऱ्याच्या दारात किल्ली मागायला जायचं, हे ह्या घरातल्या कोणाला पटलं नाही.

मितेशचं लग्न झालं. सून आली, संचिता. तिला मी नावं ठेवणार नाही. ती ठाण्याला नोकरीला जाते, सकाळचा डबा करून निघते आणि परत येते तेव्हा पायात गोळे आलेले असतात. तरी दर रविवारी ती घरातल्या सगळ्या चादरी आणि उशांचे अभ्रे मशीनला लावते. मितेश तेव्हा माझ्यावरच आडवा पडून मोबाईल बघत असतो. संचिता म्हणते, "उठ रे, चादर काढायची आहे." तो म्हणतो, "थांब ना, दोन मिनिटं." शेवटी ती त्याच्या अंगाखालून चादर खेचते, नवी घालते, चारही कडा माझ्याखाली खोचते, आणि सगळ्यांना वाटतं अंथरूण स्वच्छ झालं. चादर स्वच्छ झाली, बाबांनो. मी तिच्याखाली होते तशीच आहे.

मग सान्वी झाली. तान्ही होती तेव्हापासून ती माझ्यावर झोपली. लहान मुलं जे करतात ते तिनेही केलं, त्यात तिचा काय दोष? ओलं झालं की पंखा लावून ठेवायचे. पंख्याने वरचं कापड वाळायचं, आतला कापूस नाही. डाग दिसायला लागला की मला पालथी घालायचे. दुसऱ्या बाजूलाही डाग पडला की पुन्हा उलटी. गादी उलटी केली म्हणजे ती धुतली, असं ह्या घरातल्या एकजात सगळ्यांना वाटायचं. मी जर माणूस असते तर तेव्हाच कपाळावर हात मारून घेतला असता.

पाहुणे यायचे असले की मग तर बघायलाच नको. हॉलमधला दिवाण, म्हणजे पाहुणे बसणार माझ्यावर. फोन आला की कलावतीबाई कपाटातून ती मोरपंखी नक्षीची चादर काढायच्या आणि होती त्याच चादरीवर वरून अंथरायच्या. खालची काढायला वेळ कुठे असतो? पाहुणे म्हणायचे, घर किती टापटीप ठेवलंय. कलावतीबाई संकोचून म्हणायच्या, छे हो, कसलं काय. पाहुणे गेले की मोरपंखी चादर घडी होऊन कपाटात. सान्वी परत खालच्या चादरीवर.

वर्षातून एकदा मात्र घरात वादळ यायचं, नवरात्राच्या आधी. घट बसायच्या आत घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण पाण्यातून निघालंच पाहिजे, ही कलावतीबाईंच्या सासरची रीत. पेटीतल्या गोधड्या, पडदे, सोफ्याची कव्हरं, सतरंज्या, पायपुसणीसुद्धा. संचिता दोन दिवस सुट्टी काढायची. बाल्कनीत, खिडकीत, जिन्याच्या कठड्यावर, जिथे जागा तिथे कपडे. दरवर्षी मी आशेने बघत राहायचे. आणि दरवर्षी मला सोडून सगळं धुतलं जायचं, कारण मी मशीनमध्ये मावत नाही आणि बादलीत बुडत नाही. "गादीचं काय करायचं, आई?" असं संचिताने एकदा विचारलंही होतं. कलावतीबाई म्हणाल्या, "गादीला विटाळ नसतो गं. वरून नवीन चादर घाल." झालं. देवी यायची म्हणून घर घासून काढायचं, आणि रोज जी पोर माझ्यावर नाक खुपसून झोपते तिचा विचार कोणी करायचा नाही. मला तेव्हा इतका राग आला होता की काय सांगू.

आता मुख्य गोष्ट सांगते. सान्वी मोठी झाली, पाचवीत गेली. शाळेच्या खो-खोच्या संघात तिची निवड झाली. पोरगी वाऱ्यासारखी पळते. घरी आली की दप्तर फेकून माझ्यावर उडी मारायची आणि आजीला सांगत बसायची, आज मी कोणाला खो दिला, कोणाला चकवलं. पण माझ्यावर थोडा वेळ पडून राहिली की तिला शिंका सुरू व्हायच्या. मग खोकला, आणि मग छातीतून ती बारीक शिट्टी. सकाळी उठायची ती डोळे सुजवून. मितेश आणि संचिता तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. परत आल्यावर संचिता माझ्यावर बसून सासूला सांगत होती.

"डॉक्टर म्हणाले, ॲलर्जीचा दमा आहे. पंप दिलाय ओढायला. विचारत होते, अंथरूण-पांघरूण स्वच्छ असतं ना."

"मग काय सांगितलंस?" कलावतीबाईंनी विचारलं.

"सांगितलं, दर रविवारी चादर बदलते म्हणून."

ती खरंच बदलते हो. खोटं बोलली नाही बिचारी. म्हणून तर माझा जीव तुटत होता. मी तिच्या खाली, तिच्या मांडीखाली होते, आणि त्या दोघी कारण शोधत होत्या. सुरुवात दह्यापासून झाली. दही बंद, केळं बंद, आइस्क्रीम बंद. मग अगरबत्ती बंद. मग खिडकीत बसणाऱ्या कबुतरांसाठी जाळी आली. त्यानेही शिट्टी थांबली नाही, तेव्हा मितेश म्हणाला, "मैदानावर धूळ असते. खो-खो बंद करू या काही दिवस."

सान्वी रडली नाही. ती माझ्यावर येऊन पालथी पडली आणि तोंड उशीत घातलं, म्हणजे माझ्या आणखी जवळ. मी काय करू शकत होते, सांगा. पळून जाता येत नाही, ओरडता येत नाही. ज्या पोरीवर माझा जीव, तिचाच श्वास माझ्यामुळे कोंडतोय, आणि घरातले तीन डोळस लोक जाळ्या लावत बसलेत.

गणपतीत सान्वी चार दिवस तिच्या आत्याकडे गेली. जागृतीचं सासर टिटवाळ्याला, बैठं घर, पुढे अंगण. तिथे ती सतरंजीवर झोपली, मनसोक्त खेळली आणि एकदाही खोकली नाही. झालं, घरात सगळ्यांना साक्षात्कार झाला. टिटवाळ्याची हवाच वेगळी. मोकळी हवा. इकडे काय, नुसता धूर आणि दमट. मितेशने फोन करून बहिणीशी बोलून घेतलं आणि घरात सांगितलं, "दिवाळी झाली की सुट्टीतच सान्वीला जागृतीकडे ठेवू. मानवलं तर सुट्टीनंतर शाळाही तिकडचीच."

"आणि माझी टीम?" सान्वीने विचारलं.

"श्वास महत्त्वाचा की टीम?"

"मम्मी, तू पण नाही येणार?"

संचिता उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. बराच वेळ नळ चालू होता आणि भांडं मात्र एकही घासलं जात नव्हतं. तिला पोरीला पाठवायचं नव्हतं. कोणालाच नव्हतं. एका पोरीला आईपासून, शाळेपासून, मैदानापासून तोडायचं ठरत होतं, आणि ते टाळायला फक्त माझ्यावरची चादर उचलून बघायला हवी होती.

आणि आता ऐका. निघायच्या दिवशी कलावतीबाई म्हणाल्या, "परक्या अंथरुणावर पोरीला झोप लागणार नाही. आजोबांची गादी तिच्यासोबत जाऊ दे." गणपतीत तीच पोर सतरंजीवर ढाराढूर झोपली होती, हे एकालाही आठवलं नाही. कलावतीबाईंचा हेतू वाईट नव्हता. नात लांब चालली, तर घरातलं काहीतरी तिच्या अंगाखाली असावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मितेशने आणि टेम्पोवाल्याने मला दोन्हीकडून धरलं आणि झपाझप जिना उतरले. इतकी वर्षं मला उचलायला माणूस मिळत नव्हता, त्या दिवशी लगेच मिळाला. जिन्यात अंग दुमडून मी मनात म्हटलं, हेच तर रविवारी करायचं होतं रे, मितेश.

टिटवाळ्याला दुपारी पोचलो. सान्वी दप्तर टाकून थेट बाहेर पळाली आणि दिवेलागणीपर्यंत शेजारच्या पोरांबरोबर धावत होती. ना शिंक, ना खोकला. जागृतीने मला खाटेवर घातलं, वर आपली धुतलेली चादर घातली. जेवण झाल्यावर सान्वी पुस्तक घेऊन माझ्यावर लवंडली. पहिलं पान उलटायच्या आत शिंक आली. मग पुन्हा. मग ती शिट्टी वाजायला लागली. जागृती हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यात थांबली.

"अगं, आत्तापर्यंत तर पळत होतीस. आता काय झालं?"

"असंच होतं, आत्या. पडले की होतं."

"पडलीस की? गणपतीत नाही झालं ते?"

"नाही ना."

जागृतीने तिला पंप दिला, उठवून आपल्या सतरंजीवर बसवलं आणि मग माझ्याकडे बघितलं. बघत राहिली. मित्रांनो, ती लहानपणी माझ्यावर लोळलेली मुलगी. तिने हळूच चादरीचा कोपरा उचलला.

सकाळी तिने मला अंगणात ओढून काढलं आणि उजेडात उलटी-सुलटी केली. वरच्या बाजूला पिवळे डाग, आणि भिंतीकडच्या कडेला काळी बुरशी, बोट लावलं तर बोट काळं होईल अशी. मग तिने काठी घेऊन एकच फटका मारला. जे उडालं ते बघून शेजारची कृतिका नाकाला पदर लावत म्हणाली, "जागृती, ही गादी आहे की पिठाची गोणी?" मला लाज वाटली. पण सुटल्यासारखंही वाटलं, कोणीतरी बघितलं एकदाचं. जागृतीने तिथेच उभं राहून भावाला फोन लावला.

"दादा, डोंबिवलीची हवा वाईट म्हणून पोरगी माझ्याकडे पाठवलीस ना? ती हवा गुंडाळून टेम्पोत घालून सोबत पाठवलीस की रे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे गादी. आजारी गादी आहे तुमची. बुरशी आलीये."

"अगं, चादर दर आठवड्याला बदलतो आम्ही."

"कोण आम्ही? वहिनी बदलते. आणि चादरीखाली कोणी बघितलंत शेवटचं?"

मितेश म्हणाला, "रविवारी येतो."

रविवारपर्यंत सान्वी सतरंजीवर झोपली आणि पंप दप्तरातून बाहेर निघाला नाही. रविवारी तिघंही आली. मी अंगणातच होते, खाटेवर, उन्हात. मितेशने माझी काळी कड बघितली आणि तो खाली बसला. संचिताच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "मी पोरीला घरापासून लांब पाठवत होते आणि कारण घरात रोज झाकून ठेवत होते." मितेश म्हणाला, "तू एकटीच काय म्हणून? मी तर हिच्यावरच पडून असायचो." हे तो पहिल्यांदा बोलला. उशिरा बोलला, पण बोलला.

"पिंजून घेतली तर?" संचिताने सासूकडे बघत विचारलं. "बाबांची आठवण आहे, आई. टाकू नका."

कलावतीबाई माझ्याशेजारी खाटेवर बसल्या. त्यांनी माझ्या कंबरेपाशी हात ठेवला, जिथे दोन मुठी कापूस जास्त आहे तिथे. मग त्या म्हणाल्या, "मी ह्यांची गादी म्हणून जपत होते. ह्यांनी कधी तिचं ऊन चुकवलं नाही, आणि मी नुसती झाकत बसले. हा कापूस आता पिंजूनही नको. जागृती, कात्री आण गं."

खरं सांगू, मला वाटलं होतं की त्या मला वाचवतील. आणि त्या वाचवत नाहीत, हे बघून मला त्यांचा फार अभिमान वाटला. दोन्ही एकदम वाटलं. त्या एकेक टाका उसवायला लागल्या आणि सान्वी अंगणात दगडांचे खांब मांडून आत्याच्या मुलांना खो देत होती. तिची बॅग भरून दाराशी ठेवली होती. संध्याकाळी ती घरी जाणार, उद्या शाळेत, आणि मैदानावर.

"नवीन फोमची घेऊ," मितेश म्हणाला. "आणि ह्या वेळी वरचं प्लास्टिक काढायचंच नाही. म्हणजे धूळच बसणार नाही."

अहो, उसवत असतानासुद्धा मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. पण कलावतीबाईंनी कात्री थांबवली.

"प्लास्टिक पहिल्या दिवशी काढायचं. घामाचं पाणी कुठे जाईल मग? आणि रविवारी सकाळी गादी बाल्कनीत उभी करायची. माझ्याने उचलणार नाही. दुसरं टोक कोण धरणार, ते आत्ताच ठरवा."

सान्वी पळता पळता थांबली आणि धापा टाकत, चांगल्या, खेळून लागलेल्या धापा टाकत म्हणाली, "मी धरेन, आजी."

"तू नाही," कलावतीबाई म्हणाल्या. "रविवारी सकाळी तुझी प्रॅक्टिस असते. तुझा बाप धरेल."

मितेशने मान डोलावली. संचिता म्हणाली, "आणि पहिलं टोक मी. पण चादरी एका रविवारी मी, एका रविवारी तू. दोन्ही मीच करणार नाही." कलावतीबाई हसल्या आणि पुन्हा टाके उसवायला लागल्या.

मित्रांनो, आता माझे थोडेच टाके उरले आहेत. तुमच्याही घरी दर रविवारी चादरी बदलत असतील, आणि बदलणारी बहुतेक एकटीच असेल. आज घरी गेलात की तुमच्या पलंगावरची चादर उचला आणि खाली काय आहे ते बघा. गादी एकट्याने उचलत नाही, तर घरात जो आडवा पडलेला असेल त्याला उठवा आणि दुसरं टोक धरायला सांगा. कलावतीबाईंनी शेवटचा कोपरा उसवायला घेतला आहे. आज ऊन छान पडलं आहे.